सही माझी आहे

दि. ३ फेब्रुवारी

ती. दाजींस,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुमची पाठ आता बरी असेल अशी आशा करतो.

पाकीट हातात आल्यावर तुम्ही ते आधी उलटंपालटं करून पाहिलं असेल, ही कसली नोटीस म्हणून. नोटीस नाही, मीच आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही एकदा "हं" म्हणता, मग "घे, तुझा भाऊ" म्हणून ताईकडे देता, आणि ताईच्या हातात गेलेला फोन आजवर कुणाला परत मिळालेला नाही. म्हणून पत्र. तेही घरी नाही, तुमच्या पंप दुरुस्तीच्या दुकानाच्या पत्त्यावर.

आमच्या कन्येचा पुढचा दात पडला. सहा वर्षांची झाली. शाळेत बाईंनी विचारलं, बाबा काय करतात? तर म्हणाली, "मोठ्या माणसांना रांगायला शिकवतात." वर्ग हसला म्हणून घरी येऊन रुसून बसली. पण खोटं काय बोलली ती? जूनपासून मी अग्निशमन दलाच्या प्रशिक्षण केंद्रात आहे, ताईने सांगितलंच असेल. बावीस नवे जवान आहेत, त्यात पाच मुली. मागच्या अंगणात पत्र्याची दुमजली खोली आहे, तिच्यात आम्ही धूर सोडतो. मास्कच्या काचेला आतून मेणकागद लावायचा, पाठीवर सिलिंडर घ्यायचा आणि भिंतीवरचा हात न सोडता गुडघ्यांवर रांगत पलीकडे निघायचं. मधे जुन्या वायरींचं जाळं टांगून ठेवलंय. त्यात अडकणारा अडकतोच.

शिवाय ऐंशी किलोचा कॅनव्हासचा बाहुला आहे. त्याचं नाव मामा. आत अडकून पडायचं काम मामाकडे. त्याची तक्रार नाही, रजा नाही, पगारवाढीचा अर्ज नाही. असा कर्मचारी अख्ख्या दलात दुसरा नाही.

बदली झाली तेव्हा वाटलं होतं, हे उंटावरून शेळ्या हाकायचं काम. तसं निघालं नाही. दाजी, मला हे काम फार आवडतं.

आता मुद्द्याचं. सध्या राखीव टोळीचे धडे चालू आहेत. आपलेच जवान आत अडकले तर त्यांना काढायला जी टोळी दाराशी तयार उभी असते, तिचे. आत अडकलेल्याने रेडिओवर "मेडे, मेडे, मेडे" म्हणायचं, म्हणजे बाकी सगळ्यांनी तोंडं मिटायची; मग त्याने सांगायचं, मी कोण, कुठे आहे, काय झालंय, हवा किती उरलीय. एवढं मी शिकवतो. दोर कसा धरायचा, माणूस कसा ओढायचा, तेही शिकवतो. पण हाक आलेलीच नसताना दाराशी उभ्या असलेल्या माणसाला कसं कळतं की आता आत जायला हवं, हे मला शिकवता येत नाही. ते कुठल्या पुस्तकात नाही. ते तुम्हाला येतं, दलात असताना तुम्ही ते करून दाखवलंय.

तुम्ही शनिवारी, बावीस तारखेला, याल का? त्या दिवशी शेवटची परीक्षा आहे. फक्त पोरांसमोर उभं राहायचं आणि सांगायचं. भाषण नको. तुमचं भाषण मी ताईच्या लग्नात ऐकलंय, "या, बसा, जेवून जा" एवढंच होतं, तेवढं पुरे.

सात वर्षांत मी तुमच्याकडे तीनदा आलो, त्यातले दोनदा उभ्या उभ्या. तुमचे आभार मी नीट मानलेच नाहीत. मानायचे कसे? बायकोसमोर, मुलीसमोर, रोज सकाळी दाढी करताना आरशासमोर मी म्हणतो की दाजी नसते तर मी नसतो. तुमच्यासमोर जीभ वळत नाही. त्या दिवशी गोदामाच्या आगीत रेडिओने दगा दिला, आणि तुम्ही आलात. यापलीकडे मला कधी जाता आलं नाही.

ताई फोनवर अजून तेच ते बोलते. मी म्हणतो, सोड.

या पत्राचं तिला सांगायची तशी गरज नाही.

आपला
मेव्हणा



दि. १३ फेब्रुवारी

ती. दाजींस,

साष्टांग नमस्कार. तुमचं उत्तर आलं नाही. पंप जळायचे दिवस आहेत, कामात असाल. की माझं पत्र वाचून तुम्ही ते घडी घालून खोक्यात टाकलंत आणि स्क्रू पिळायला घेतलात? मी तुमच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

ते पत्र विसरा. त्यात एक वाक्य खोटं होतं, आणि कुठलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. या आठवड्यात काय झालं ते आधी सांगतो, मग त्या वाक्याकडे येतो. लगेच येणं होत नाहीये.

बॅचमध्ये एक मुलगी आहे, तिला सगळे "सॉरी" म्हणतात. आधी कापडदुकानात काउंटरवर होती. दिवसभर गिऱ्हाइकांना सॉरी म्हणून म्हणून तो शब्द तिच्या तोंडात बसलाय. दार आपटलं तर दाराला सॉरी म्हणते. पण अंगात ताकद अशी की मामाला एकटी ओढत अंगणापलीकडे नेते. सोमवारी सकाळी तिला धुराच्या खोलीत सोडलं. राखीव टोळी दाराशी, मी घड्याळ घेऊन बाजूला. पाच मिनिटं झाली, आठ झाली, बाहेर पत्ता नाही. वायरींत अडकली असणार हे मला दिसतच होतं. मी वाट बघत होतो तिच्या हाकेची. शेवटी रेडिओ खरखरला आणि आवाज आला, "सॉरी सर, जरा एक अडचण होती. घाई नाही."

घाई नाही! मागे हवा संपत आल्याची शिट्टी केकाटतेय, आणि हिला घाई नाही.

टोळी हसून हसून गडबडा लोळायची तेवढी बाकी होती. मी हसलो नाही. तिला बाहेर काढली, मास्क उतरवला, आणि विचारलं, "नऊ मिनिटं अडकली होतीस. हाक का नाही मारलीस?"

ती म्हणाली, "वाटलं, सुटेन माझी मी. आणि बाहेर हे सगळे उभे होते ना सर. हसले असते."

दाजी, मी तिला उभी आडवी झोडली. म्हटलं, आग हसण्याला थांबत नाही. म्हटलं, लाज वाटून मरणारा जवान वीर नसतो, मूर्ख असतो. बोलायला काय जातं? तोंड चालू होतं माझं. तिने सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "सर, तुम्ही गोदामात अडकला होतात तेव्हा हाक किती वेळाने मारली होती?"

ती गोष्ट केंद्रात सगळ्यांना ठाऊक आहे. बावीस जणं माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

मी म्हणालो, "माझा रेडिओ बंद पडला होता."

सात वर्षांत हे वाक्य इतक्यांदा म्हटलंय की आता विचार न करता येतं. तेवढ्यात मागून एकाने विचारलं, "सकाळी तो तपासला कोणी होता सर? कोण गाढव होतं ते?"

मी म्हणालो, "जाऊ दे ते. चला, पाईप गुंडाळा."

मी एवढंच म्हणालो, दाजी. कुणी तुम्हाला गाढव म्हटलं आणि मी पाईप गुंडाळायला लावले.

मंगळवारी केंद्रावर पोचलो तर ही सॉरी माझ्याआधी हजर. त्या आठवड्यात रेडिओ तपासायची पाळी तिची होती. चोवीस रेडिओ बाकावर ओळीने मांडून एकेक चालू करत होती, बोलून बघत होती, बॅटरी काढून परत घालत होती. तिसरी फेरी चालली होती तिची. म्हटलं, अगं एकदा पुरे. तर म्हणाली, "नको सर. तुमच्या वेळी झालं तसं माझ्या सहीने कुणाचं व्हायला नको."

मग मला तिथे उभं राहवेना. पाण्याच्या टाकीमागे गेलो आणि थोडा वेळ तिथेच बसलो. तुम्ही रोज सकाळी रेडिओ असेच तपासायचात. "एक, दोन, तीन, ऐकू येतंय का?" म्हणत. आम्ही तुमची नक्कल करायचो.

आता ते वाक्य. रेडिओ चालू होता.

लिहिलं एकदाचं. गोदामाच्या आधी पंधरा दिवस शाळेच्या तळघरात मी धुरात वाट चुकलो होतो, आठवतं? आणि घाबरून रेडिओवर टोळीचा नंबर सांगायच्या ऐवजी "दाजी!" म्हणून ओरडलो होतो. सगळ्या गावाने ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून अग्निशमन केंद्रात माझं नाव पडलं "धावा दाजी". बंबाचा ड्रायव्हर, झाडूवाला, चहावाला, सगळ्यांच्या तोंडी तेच. न हसणारे तुम्ही एकटेच. तेवढ्यात मला टोळीप्रमुख केलं, आणि चहावाला म्हणाला, "आता धावा दाजी कुणाला हाक मारणार?"

गाद्यांच्या गोदामात जोडीदाराची हवा आधी संपत आली. बरोबर आत जायचं, बरोबर बाहेर यायचं, हा नियम मी आज दिवसातून दहा वेळा घोकून घेतो. त्या दुपारी मी त्याला पाईप धरून पुढे हो म्हटलं, आलोच मागून. आणि गाद्यांची मांडणी अंगावर कोसळली. कमरेखाली अडकलो, पण हात मोकळे होते. रेडिओ छातीवर होता. कंट्रोल रूमची बाई कुणाशी तरी बोलत होती, ते मला स्वच्छ ऐकू येत होतं. बटणावर माझा अंगठा होता.

मी दाबला नाही.

दाराशी राखीव टोळीत तुम्ही उभे आहात हे मला माहीत होतं. हाक दिली की तुम्हीच येणार, आणि उद्या चहावाला काय म्हणेल तेही मला माहीत होतं. म्हटलं, दोन मिनिटांत सुटेन माझा मी. मग आणखी दोन मिनिटं. मग शिट्टी वाजली, मग थांबली. एवढ्यासाठी दाजी. बायकोला तिसरा महिना लागला होता, आणि मी चहावाल्याच्या तोंडाला भिऊन पडून राहिलो.

तुम्हाला कुणीच हाक मारली नाही. जोडीदार बाहेर आला, "येतोय मागून" म्हणाला, तुम्ही घड्याळ बघितलंत आणि कुणाला न विचारता आत शिरलात. हे मला नंतर त्याने सांगितलं. मला आठवतं ते एवढंच, की कुणीतरी माझ्या अंगावर ओणवं झालंय, माझ्या मास्कला हवा जोडतंय, आणि मग माझ्या स्वतःच्या छातीपाशी तुमचा आवाज आला, "सापडला. बाहेर आणतोय." तुमचा रेडिओ तुमच्या कोटाखाली दबला होता. तुम्ही माझा वापरलात.

म्हणजे तुम्हाला त्याच वेळी कळलं होतं.

चौकशीत मी पलंगावर पडल्या पडल्या सांगितलं, रेडिओ बंद होता. तोवर तो पाण्यात भिजून खरंच बंद पडला होता, मला कोण खोटं पाडणार? तुम्हाला विचारलं, सकाळी तपासणी कुणाची होती? तुम्ही वही पुढे ओढलीत आणि म्हणालात, "सही माझी आहे." बस. तेवढंच. तुमची बढती गेली, तुम्हाला सामानाच्या कोठीत बसवलं, मग तुम्ही राजीनामा देऊन गाव सोडलंत. आणि मी मूग गिळून गप्प बसलो, आणि लोक माझ्या धीराचं कौतुक करत राहिले.

ताईला तुम्ही अजून सांगितलेलं नाही. तिने फोनवर आजवर माझा एकदाही उद्धार केलेला नाही, त्यावरूनच ते कळतं.

मंगळवारीच दुपारी मी पोरांना अंगणात बसवून हे सगळं सांगितलं. एकही हसलं नाही. ज्याने गाढव म्हटलं होतं तो उठून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. सॉरी म्हणाली, "सर, मग ते दाजी खूपच..." आणि तिला शब्द सापडला नाही. मलाही सात वर्षं सापडलेला नाही. बुधवारी मोठ्या साहेबांना लेखी जबाब दिला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुमच्या दाजींचं नाव मी साफ करून घेतो. तुमचं काय करायचं ते मग बघू."

दाजी, तुम्ही मला गोदामातून काढलंत त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहेच. पण दुसऱ्या वेळी वाचवलंत ते मला जास्त जड आहे. माझी नोकरी, माझं नाव, माझ्या मुलीने "बाबा" म्हणून ज्याला ओळखलं तो माणूस, हे सगळं तुम्ही दिलंत आणि वर त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. मी फार कृतज्ञ आहे. हा शब्द मी कधी वापरत नाही, पत्रात लिहितानाही लाजल्यासारखं होतं. पण लाजण्याचं मी आता पुष्कळ भोगलंय, म्हणून लिहितो. मी तुमच्याबद्दल फार फार कृतज्ञ आहे.

बावीसला याच, असं म्हणायचा हक्क मला नाही. पोरं विचारतात, ते येणार का?

तुमचा
मेव्हणा



दि. १९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हे मधे थांबलं तर माझ्याने परत सुरू होणार नाही. उभी असशील तर बस.

गोदामात माझा रेडिओ बंद नव्हता. तो उत्तम चालत होता. दाजींनी सकाळी तपासला होता, रोज तपासायचे तसाच. मी बटण दाबलं नाही. लोक हसतील म्हणून दाबलं नाही, आणि नंतर चौकशीत खोटं सांगितलं. दाजींना हे पहिल्या क्षणापासून माहीत होतं. मला बाहेर काढताना ते त्याच रेडिओवरून बोलले होते. तरी त्यांनी सगळं अंगावर घेतलं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. माझी बायको तेव्हा तीन महिन्यांची गरोदर होती, आणि मी तुझा भाऊ होतो. मला तरी दुसरं कारण सापडत नाही.

सात वर्षं तू म्हणत आलीस, "यांना एक रेडिओ नीट बघता आला नाही, माझा भाऊ हातचा गेला असता." मला फोनवर म्हणायचीस, आणि तेव्हा तुझ्यामागे त्यांच्या ताटाचा, वाटीचा आवाज यायचा. ते तिथेच जेवत असायचे. ऐकत असायचे. आणि मी म्हणायचो, "सोड गं ताई." मी तुझ्याकडे का येत नव्हतो, ते आता तुला कळलं. तू समजायचीस, साहेब झाला, विसरला. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

मी साहेबांना लेखी कळवलंय. या बॅचनंतर मला प्रशिक्षणावरून काढलंय, परत अग्निशमन केंद्रावर, बंबावर. प्रमुख दुसराच असेल. मला झोप छान लागतेय. बायकोला सगळं सांगितलं. दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, आधी तुझ्या बहिणीला सांग, मग माझ्याशी बोल.

दाजींनाही हे लिहिलं होतं. काल त्यांचं उत्तर आलं, दुकानाच्या पावतीच्या मागे चार ओळी. "पत्र पोचलं. शनिवारी येतो. ताईला मी सांगणार नाही, तू सांग. तिला फार लागेल असं लिहू नकोस."

"फार लागेल असं लिहू नकोस" म्हणतात, ताई. आत्ताही त्यांना काळजी तुझीच आहे. मी तीनदा लिहून फाडलं. तुला लागणार नाही असं लिहायला मला जमलं नाही. मला माफ कर म्हणायची घाई मी करत नाही, पण तू त्यांना बोललीस ते आता परत घेता येत नाही याचा तुला त्रास होईल, त्याचा दोष तुझा नाही. तुला जे खरं म्हणून सांगितलं गेलं त्यावर तू रागावलीस.

मला शिव्या द्यायच्या असतील तर दे, सगळ्या दे, मी मधे बोलणार नाही. पण फोन नंतर कर. आधी दुकानात जा. दुपारी ते एकटेच असतात. काही बोलायला सुचलं नाही तर बोलू नकोस, नुसती त्यांच्याशेजारी बस.

त्यांच्यामुळे तुला अजून असलेला,
तुझा धाकटा भाऊ